नानांचा माड आणि मामांचं म्हणणं

माझ्या बायकोच्या मामांइतका भांडखोर माणूस सबंध पालघर तालुक्यात नसेल असं मी म्हणतो, तेव्हा माझी बायको मला दुरुस्त करते. तिचं म्हणणं असं, की मामांनी आजवर आपणहून एकही भांडण काढलेलं नाही. हे मात्र खरं आहे. भांडण आधी दुसऱ्यानं काढायचं, मामा फक्त त्याची परतफेड करणार, आणि ती अशी की मूळ भांडणारा आपण कशासाठी आलो होतो ते विसरून घरी जावा. तुम्ही त्यांच्यावर कसलाही आरोप करा. ते मधे बोलत नाहीत. शेवटपर्यंत ऐकून घेतात, मान डोलावतात, म्हणजे तुमचा आरोप त्यांना नीट समजलेला असतो. मग नाकातून एक लांब श्वास सोडतात आणि म्हणतात, "ते राहू दे. आमचंबी एक म्हणणं हाय." हे वाक्य कानावर पडलं की शहाण्या माणसानं पायात चपला सरकवाव्यात. मी लग्न झाल्यापासून तिथंच बसून राहत आलोय, त्यावरून माझ्या शहाणपणाचा अंदाज करावा.

माझं पालघरला कोर्टाच्या जवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मामा राहतात केळव्याला, वाडीत. सुपारी, नारळ, थोडी पानवेल आणि एक बकरी, जिच्याबद्दल पुढे येईल. दर आठवड्याला ते काही ना काही निमित्त काढून पालघरला येतात, वाडीतला ओला चिखल चपलांच्या तळाला लावून माझ्या दुकानात आणतात आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसून पाय हलवतात. पहिल्या वर्षी मी नम्रपणे म्हणालो होतो, "मामा, चपला जरा दाराशी काढाल का? लोकांचे कागद खाली पडतात, खराब होतात." मामांनी आधी चपलांकडे पाहिलं. चिखल होता हे त्यांना मान्य होतं. मग त्यांनी वर पाहिलं. "ते राहू दे. जावयबापू, तुमच्या ह्या पंख्याचं काय? वारा सगळा मशीनला देतो नि किरकिर गिऱ्हाइकाला." त्या दिवसापासून मी चिखल म्हणायचं आणि त्यांनी पंखा म्हणायचं असं चालत आलं. चिखल गेला नाही आणि पंखा मी बदलला नाही. मामांना बोलून उपयोग नाही हे मला कळायला एक दिवस पुरला, पण बोलायचं सोडायला जमलं नाही.

नोकरीत असताना ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात फिटर होते. तिथला सुपरवायझर गोरखपूरकडचा, सज्जन माणूस. तो एकदा म्हणाला, "मामाजी, आज फिर लेट हो गए आप." मामा म्हणाले, "हां, हो गया. लेकिन तुम्हारे कँटीन का दाल में पानी कितना रहता है, वो बोलो." डाळीशी सुपरवायझरचा काडीचा संबंध नव्हता. पण तो बिचारा गोंधळला, कँटीनमध्ये जाऊन डाळ बघून आला, आणि तेवढ्यात हजेरीचा विषय थंड झाला. ही युक्ती मामांनी आयुष्यभर वापरली आणि ती युक्ती आहे हे त्यांना स्वतःला कधी कळलं नाही, हेच मला जास्त खुपतं. लबाड माणूस परवडतो, तो निदान मनातून ओशाळतो. मामा ओशाळत नाहीत, कारण त्यांच्या लेखी त्यांनी काही चुकवलेलंच नसतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, तर डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड असल्याचं मामांनी सांगितलं. पोलिसानं हेल्मेट कुठाय म्हणून विचारलं, तर मामांनी त्याच्या शिट्टीत दम नसल्याचं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि वर दंडही निमूट भरला. दंडाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. हेल्मेट नव्हतंच ना डोक्यावर!

देवसुद्धा यातून सुटला नाही. गुडघा बरा झाला तर देवीला साडी-चोळी नेसवीन असा त्यांनी नवस केला होता. गुडघा बरा झाला, वर्ष उलटलं, साडी काही जाईना. मामींनी आठवण केली, तर मामा म्हणाले, "नवस हाय, नाय कोण म्हणतो? पण देवीला जाऊन सांग, जिना उतरताना अजून कट्ट वाजतो." मामींनी कपाळावर हात मारला आणि स्वतःच जाऊन साडी नेसवून आल्या. तशा मामी हुशार. संसाराच्या सुरुवातीला त्या रडायच्या म्हणे. "दूध उतू गेलं, तुमचं लक्ष कुठं होतं?" म्हटलं की समोरून "परवा तू गोठ्याचं दार उघडं टाकलंस" यायचं. मग त्यांनी या माणसाची वाट ओळखली. त्या आधी मुद्दाम काहीतरी चूक करत. भाजीत मीठ कमी टाकत. मामा "अळणी झाली" म्हणाले रे म्हणाले, की मामी म्हणत, "ते राहू द्या. आमचंबी एक म्हणणं हाय. न्हाणीघराचा पत्रा गळतो." मामा पेचात पडत. समोरच्याचं म्हणणं हे म्हणणं असतं, ते ऐकलंच पाहिजे, हा त्यांचाच कायदा. पत्रा दुसऱ्या दिवशी बसे. मामींच्या हातचं जेवण अधूनमधून अळणी का असतं याचा मला उलगडा व्हायला बरीच वर्षं गेली.

आता त्या बकरीकडे येतो. मामांच्या वाडीला लागून नानांची वाडी. नाना म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे सोबती. शाळा एक, समुद्रात डुंबायची जागा एक, आणि दोन वाड्यांच्या मधली विहीरही एक. विहीर सामाईक असली तरी ती मामांच्या बाजूला, म्हणून नाना मामांच्या अंगणातल्या पायवाटेनं पाण्याला यायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील यायचे. उलट नानांचा एक माड त्यांच्या हद्दीत उगवून मामांच्या स्वयंपाकघरावर इतका कललेला, की कोंबडी त्यावर चालत चढावी. आमच्या किनाऱ्याला रिवाज असा, की माडावर चढून काढलेला नारळ माडवाल्याचा आणि आपोआप पडलेला नारळ ज्याच्या अंगणात पडेल त्याचा. नानांचे नारळ आपोआप पडून मामांची कौलं फोडत आणि मामा त्याच नारळांची चटणी खात. हे वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं. एके दिवशी मामांच्या बकरीनं नानांच्या पानवेलीचे कोवळे शेंडे खाल्ले. नाना तिला कानाला धरून घेऊन आले.

"तुजी बकरी माज्या पानमळ्यात शिरली."

"शिरली. खाल्लं तिनं, दिसतंय तोंडावर," मामा म्हणाले. "ते राहू दे नान्या. आमचंबी एक म्हणणं हाय. तुजा माड माजी कौलं फोडतो."

"नि नारळ कोण खातो?"

"मी खातो. पण कौलं तुजी फुटत नायत ना!"

साठी उलटलेली दोन माणसं बकरीचा एकेक कान धरून बराच वेळ उभी होती, असं मामी सांगतात. शेवटी नाना संतापून म्हणाले, "तुज्या वाटेनं पुन्हा पाऊल टाकणार नाय!" आणि गेले. रागात माणूस बोलतो ते दुसऱ्या दिवशी सकाळी विसरायचं असतं, हे केळव्यातल्या लहान मुलालाही कळतं. मामांना कळलं नाही. नान्या येणार नाही म्हणाला, म्हणजे वाटेचं काम संपलं, असा सरळ हिशेब करून त्यांनी संध्याकाळपर्यंत तिथं कुंपणासारखी काट्यांची वई घातली. सकाळी नाना कळशी घेऊन आले आणि वईपाशी थांबले. मामा ओट्यावरून बघत होते. नानांनी हाक मारली असती तर मामांनी वई काढली असती. मामांनी हाक मारली असती तर नाना आत आले असते. दोघांपैकी कुणीही आपणहून पहिला शब्द काढला नाही. पुढच्या महिन्यात नानांचा पालघर कोर्टात दावा दाखल झाला: विहिरीची वहिवाटीची वाट अडवली आहे, ती मोकळी करून मिळावी.

समन्स घेऊन मामा थेट माझ्या दुकानात आले, चिखलासकट. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक वकीलबाई बसतात, त्यांच्याकडे मी त्यांना नेलं. बाई शांत आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी समजावून सांगितलं, की दाव्याला आपण जे उत्तर देतो ती कैफियत. समोरचा म्हणतो ते कसं खोटं आहे, एवढंच तिचं काम. "पण तुमची त्यांच्याविरुद्ध स्वतःची काही मागणी असेल," बाई म्हणाल्या, "तर कैफियतीबरोबर प्रतिदावाही लावता येतो. त्याला वेगळा दावा टाकल्यासारखाच मान असतो. कोर्ट फी भरायची, पुरावा आपण द्यायचा."

मामा पुढे सरकले. "त्याच्या दाव्याशी आमच्या म्हणण्याचा संबंध असायला लागतो?"

"असलाच पाहिजे असं नाही."

मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. जन्मभर सगळ्यांनी ज्या खोडीसाठी त्यांना नावं ठेवली, तिला सरकारनं कायद्यात जागा करून ठेवली होती आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. "बघितलंत जावयबापू?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या मनातल्या मनातल्या शिव्यासुद्धा चिडीचूप झाल्या.

अडचण पुढेच होती. प्रतिदावा मामांनी झोकात सांगितला: नानांचा माड कललेला आहे, त्याचे नारळ पडून छपराची हानी होते, सबब माड तोडून मिळावा. पण कैफियत? बाईंनी विचारलं, "वाट नव्हतीच असं लिहू ना?"

"होती की."

"बरं, नाना वापरत नव्हते असं लिहू."

"रोज येत होता. कळशी घेऊन. त्याचा बाबा पण येत होता."

"अहो, मग अडवली तरी नाही असं म्हणा!"

"अडवली. काट्याची वई मीच घातली. हाताला अजून काटा हाय, बघा." मामांनी खरंच तळवा पुढे केला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मामा, कोर्टात जे नाकारत नाही ते कबूल धरतात. तुम्ही काहीच नाकारणार नसाल तर त्यांचा दावा आपोआप सिद्ध झाला. प्रतिदावा म्हणजे दाव्याला उत्तर नव्हे. ती तुमची वेगळी मागणी. तिनं त्यांची मागणी खोडली जात नाही." इतक्या वर्षांत मला जे मामांना सांगता आलं नव्हतं, ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मी टाळ्या वाजवायचाच काय तो बाकी राहिलो. मामा मात्र चक्रावून त्यांच्याकडे बघत राहिले. "पण त्याचं खोडायचंय कुणाला?" ते म्हणाले. "त्याचं खरं हाय. माजं पण खरं हाय. दोन्ही लिवा." त्या दिवशी जिना उतरताना मी या माणसाला मूर्ख म्हणालो, अर्थात मनात. भांडायचं तर धड खोटंही बोलता येऊ नये, म्हणजे काय!

मग तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी केळव्याहून पालघरला यायला सकाळी सोयीची रिक्षा एकच, त्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच सीटवर मांडीला मांडी लावून येत. एकमेकांशी बोलत नसत. वाटेत माहीमचा नाका आला की नाना रिक्षावाल्याला म्हणत, "ह्यांना सांग, छत्री राहिली त्यांची घरी." मामा रिक्षावाल्याला म्हणत, "त्यांना सांग, त्यांच्या शर्टाचं बटण तुटलंय." कोर्टाबाहेर दोघं एकाच टपरीवर पाठीला पाठ करून चहा पीत. नानांच्या वकिलानं मात्र आपलं काम चोख केलं. त्यानं प्रतिदाव्याला उत्तर दिलं, की सदर माड हा कललेला नसून सरळ आहे. ही बातमी केळव्यात पोचली तेव्हा भर बाजारात लोक पोट धरून हसले. कुणीतरी त्या माडाचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'गाव वाकडं आहे, माड सरळ आहे.' नानांना फार लागलं. तेही खोटं न बोलणारे. पण कागदावर सही त्यांची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नानांच्या दारात नळ आला आणि विहिरीची गरज उरली नाही. नानांनी आपला दावा काढून घेतला. मामा पेढे घेऊन माझ्या दुकानात आले. "संपलं," म्हणाले. "आता त्याचं काय म्हणणं नाय, माजं पण काय म्हणणं नाय." तेवढ्यात वकीलबाई जिना उतरून आल्या. पेढा त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही.

"संपलं नाही मामा. त्यांचा दावा गेला. तुमचा प्रतिदावा आहे तसाच आहे. तो आता स्वतःच्या पायावर चालणार. नानांना तारखेला यावंच लागेल. यापुढे मागणारे तुम्ही आणि उत्तर देणारे ते."

मामांच्या हातातला पेढ्याचा पुडा तसाच राहिला. "म्हणजे भांडण मी काढलं असं होतं?"

"तसंच."

जन्मात पहिल्यांदा मामा फिर्यादी झाले होते, आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे तोंड उघडत-मिटत बसले होते. त्यांची सगळी विद्या दुसऱ्यानं आधी बोलण्यावर उभी, आता आधी त्यांनीच बोलायचं होतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी मनातून म्हणालो, आता घ्या! बाई म्हणाल्या, "तुम्हीही काढून घ्या. एक अर्ज दिला की झालं." मामांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी पुन्हा बांधली. मग म्हणाले, "नि मग पालघरला रिक्षेत मी एकटाच येऊ?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला त्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागला नाही, मी तो मामांच्या इतर प्रश्नांबरोबर अडगळीत टाकला.

पुढच्या तारखेला मी मुद्दाम दुकान बंद करून कोर्टात जाऊन बसलो. न्यायाधीश साहेब तरुण होते. त्यांनी माडाचा फोटो पाहिला, मग नानांकडे पाहिलं. "हा माड सरळ आहे, असं तुमचं म्हणणं आहे?" नानांचा वकील उठायच्या आत नाना उठले. हात जोडले. "नाय साहेब. वाकडा हाय. वकिलांनी लिवलं, मी सही केली, चुकलं. माड वाकडा हाय, कौलं फुटतात, सगळं कबूल." मग त्यांनी घसा खाकरला. "पण साहेब, आमचंबी एक म्हणणं हाय. माड लहान होता, आमीबी लहान होतो. आमी दोघं दुपारचे खाडीवर जायचो, नि हा आपला रेडा माज्या माडाला बांधून यायचा. रोज बांधायचा. रेड्यानं ओढून ओढून माड वाकवला. आता साहेब, वाकडा माड माजा, पण वाकवला कोणी, ते त्यांना इचारा."

सगळं कोर्ट मामांकडे वळलं. मी तर पुढे वाकूनच बसलो. मामांनी नाकातून लांब श्वास सोडला. मी ओठांतल्या ओठांत त्यांच्या आधीच पुटपुटलो, ते राहू दे. पण मामा म्हणाले, "मीच. रेडा माजा." आणि थांबले. पुढे काही आलंच नाही. साहेबांनी वाट पाहिली, बाईंनी वाट पाहिली, मी वाट पाहिली. "आणखी काही?" साहेबांनी विचारलं. "नाय," मामा म्हणाले. "माड राहू दे." प्रतिदावा तिथंच काढून घेतला गेला. परतीच्या रिक्षेत दोघं रिक्षावाल्याच्या मध्यस्थीशिवाय बोलले, म्हणजे वाटभर भांडले. त्या संध्याकाळी मामांनी वई काढली. नळ असूनही नाना सकाळी कळशी घेऊन विहिरीवर येऊ लागले.

ही गोष्ट इथं संपायला हवी होती. पण गेल्या वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला. मुलगा बोईसरला नोकरीला, तो त्यांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला. औषधपाणी, येणं-जाणं, वाडी बघायला कुणी नाही, म्हणून शेवटी वाडी विकली. घेणारे मुंबईचे एक गृहस्थ, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारे. नानांनी मुलाकरवी त्यांना एकच निरोप दिला होता, की तो कललेला माड तेवढा ठेवा. ते हो म्हणाले होते. मग त्यांना गावातून कळलं, की या माडावरून शेजारच्या अंकलनी कोर्टात केस केली होती. माणूस सभ्य. शेजाऱ्याशी पहिल्याच दिवशी वाकडं नको असा विचार करून त्यांनी सकाळी माणसं बोलावली आणि माड कापून टाकला. मामा तेव्हा बाजारात होते. परत आले तर स्वयंपाकघराच्या कौलांवर कधी नव्हे ते ऊन पडलेलं. गृहस्थ वईच्या जागी उभे होते. म्हणाले, "सॉरी हां अंकल. तुम्हाला इतकी वर्षं त्रास झाला. आता नाही होणार."

आरोपाला काय म्हणायचं ते मामांना पाठ होतं. माफीला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मामी फोनवर मला म्हणाल्या, "हां म्हणाले, नि आत जाऊन बसले. भाजी अळणी केली मी दोन दिवस. काय बोलत नायत. निमूट जेवतात. जावयबापू, तुमी काय तरी बोला त्यांना."

मामा दुकानात आले तेव्हा चपलांना चिखल होता. मी हे काम मन लावून केलं. "मामा," मी आवाज चढवून म्हणालो, "हा चिखल बघा! कितीदा सांगायचं? लोकांचे कागद आहेत इथं!" मामांनी चपलांकडे पाहिलं. मग उठले, दाराशी जाऊन चपला काढल्या, कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि वाकून लादी पुसायला लागले. "मामा, अहो, राहू द्या," मी म्हणालो. "आणि या पंख्याचं काय? आज काही म्हणणं नाही तुमचं?" मामांनी वर बघितलं. पंखा नेहमीसारखा किरकिरत होता. "पंखा बरा हाय," ते म्हणाले. या माणसाची मी इतकी वर्षं मनातल्या मनात टिंगल केली होती, पण ते तीन शब्द मला ऐकवेनात. मी शटर ओढलं आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून बोईसरला निघालो.

नाना खिडकीपाशी बसले होते. एक हात मांडीवर निजलेला, बोलणं थोडं अडखळत. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसत होती. मामांना बघून त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी लगेच भांडण काढलं, की इतके दिवस आला का नाहीस. मामा पलंगाच्या कडेला बसले. मी पाणी प्यायलो. मग नानांनी विचारलं, "माड कसा हाय रे माजा?"

मी ग्लास तोंडाला लावूनच ठेवला. हा तोच माणूस, ज्यानं हाताचा काटा दाखवून वकीलबाईंना गप्प केलं होतं, ज्याला कोर्टात जिंकण्यासाठीसुद्धा एक 'नाही' म्हणता आलं नव्हतं. आता हे बोलणार, आणि नानांचं काय होणार, या भीतीनं मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"कसा असणार?" मामा म्हणाले. "परवाच दोन कौलं फोडली. तुज्या माडाला लाज नाय नान्या."

नाना अर्ध्या तोंडानं हसले. "फोडू दे. नि नारळ?"

"खाल्ला. गोड होता."

"खा," नाना म्हणाले, आणि समाधानानं मान मागे टेकली. मामांनी त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. त्यानंतर ते जेवढा वेळ बसले तेवढा वेळ रेड्याच्या गोष्टी निघाल्या, आणि रेडा कोणाचा जास्त ऐकायचा यावर पुन्हा वाजलं.

परतताना अंधार पडायला आला होता. बोईसरहून सुटलेले टँकर आणि ट्रक अंगावर येत होते. उमरोळीच्या अलीकडे मला राहवेना. मी मान न वळवता म्हणालो, "मामा, आज तुम्ही चक्क खोटं बोललात."

मागून नाकातून सुटलेला एक लांब श्वास ऐकू आला.

"बोललो," मामा म्हणाले. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला. "ते राहू दे. जावयबापू, आमचंबी एक म्हणणं हाय. तुमी ही गाडी चालवता का नांगर? एक खड्डा म्हणून सोडत नाय."

पुढचा खड्डा मला चांगला दिसला होता, तो मी मुद्दाम चुकवला नाही.